बिनमाशांची टाकी

सातारच्या माझ्या दाजींची नजर त्या आठवड्यात चुकली नव्हती. ती चुकली असं आमच्याकडे सगळे धरून चालतात, दाजी स्वतःही. खरं काय ते एकट्या मला ठाऊक आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एवढं लिहायला बसलो तरी मधे दोनदा उठून उगाच पाणी पिऊन आलो.

मी सांगलीजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याला आहे. काम साधं. सकाळी उंच टाकीवर चढायचं, बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंगची पांढरी पावडर, कालवायची आणि वरचं निवळ टाकीत सोडायचं. मग गावातल्या शेवटच्या नळाला जाऊन काचेच्या नळीत पाणी धरायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन शेवटपर्यंत पोचलं, दिवस सुरळीत. पाणी जरा गढूळ गेलं की लोक फोन करत नाहीत, भरलेली घागर घेऊन थेट पंचायतीच्या दारात येतात. बावीस वर्षं असं केल्यावर माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते: पाण्यातलं जे दिसत नाही ते वाईट, आणि ते मारणं आपलं काम.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. तीन वर्षांपूर्वी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होते, त्यातून सावरले, पण उजव्या हाताची बोटं ऐकत नव्हती आणि बोलताना शब्द जरा जड यायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी ताटात राजमा आणि हरभरे मिसळून दिले, एकेक दाणा निवडा म्हणाल्या. दाजींनी ताट सरकवलं. "फौजेत अठ्ठावीस वर्सं काढली ती काय वाण्याच्या दुकानात बसायला?" म्हणाले.

मग एक दिवस अक्काचा फोन आला. "तुझ्या दाजींनी काचेची टाकी आणलीया माशाची. पंधरा दिवस झालं, मासाच न्हाई त्यात. तू येऊन बघ बाबा एकदा."

मी गेलो. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या जागी टाकी. टीव्ही खाली जमिनीवर भिंतीला टेकवलेला. टाकीत बारीक खडी, एक फिल्टर बुडबुडे सोडतोय, आणि बाकी नुसतं पाणी. दाजींनी माझ्यासमोर डबीतलं माशांचं खाद्य चिमटीत घेतलं. ते घ्यायलाच त्यांना मिनिटभर लागलं. मग ते पाण्यावर सोडलं.

"दाजी, मासं कुठं हायत?"

"यायचेत."

"मग खायला कुणाला घालताय?"

"जे दिसत न्हाईत त्यास्नी."

अक्का दारातून म्हणाली, "बघ. ह्ये असं हाय. शेजारचं लोक मुद्दाम चहाला येतात हे बघायला."

"येऊ द्यात," दाजी म्हणाले. "त्यास्नीबी कळंल काय तरी."

मग त्यांनी मला शेजारी बसवून सांगितलं. दुकानदारानं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं: लगेच मासे सोडू नका, आधी पाणी पिकू द्या. महिना लागेल. खाद्य कुजतं, त्यातून अमोनिया होतो. तो विषारी, माशांचे कल्ले जाळतो. मग कुठून तरी एका जातीचे जिवाणू येतात, खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि अमोनिया खातात. त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे येतात, ते नायट्राइट खातात आणि त्याचं नायट्रेट करतात. ते माशांना थोडं चालतं. एवढी साखळी बसली की टाकी राहण्यालायक. इंग्रजीत याला सायकल म्हणतात, दाजी पिकणं म्हणायचे.

"येतात कुठनं?" मी विचारलं.

"हवंतनं म्हण, पाण्यातनं म्हण. बोलवायला लागत न्हाई. खायला असलं की येतात." थोडं थांबून म्हणाले, "लय नवल हाय गड्या. बघ की, काय न्हाई ह्यात. आन सगळं चाललंय."

मला ते तेव्हा पटलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. झटक्यानंतर तो चेहरा एका बाजूनं उतरला होता. त्या दिवशी त्या उतरलेल्या बाजूलाही काही तरी हललं.

मग त्यांनी तपासणीची पेटी काढली. काचेची नळी, औषधाच्या छोट्या बाटल्या, रंगांचं कार्ड. माझ्याच धंद्यातलं सामान, फक्त बारीक. नळीत टाकीचं पाणी घेऊन उजव्या हातात बाटली धरली आणि थेंब मोजायला लागले. एक. दोन. तिसरा बाहेर पडला. त्यांनी नळी ओतून दिली, धुतली, पुन्हा सुरुवात. चौथ्या वेळी आठ थेंब बरोबर पडले. अक्का मला हळूच म्हणाली, "रोज असं करतात. बाई म्हणल्या, राजम्यापेक्षा ह्ये ब्येस." रंग आल्यावर दाजींनी नळी खिडकीपाशी नेली, कार्डावर धरली आणि वहीत लिहिलं. अमोनिया, हिरवा. नायट्राइट, फिकट जांभळा. कार्डावर विष नसल्याचे रंग वेगळे होते, अमोनियाचा पिवळा आणि नायट्राइटचा आभाळी. अक्षर वाकडं होतं, पण पानागणिक सरळ होत आलेलं दिसत होतं. मी मागची पानं चाळली. पहिल्या पानावर वाचता येईल असं एकही अक्षर नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना मिरजेला तपासणीला बोलावलं. चार दिवस लागणार होते. ठरलं असं की दाजी आणि अक्का आमच्याकडे सांगलीला उतरतील, माझी बायको बघेल, आणि टाकीजवळ कुणी तरी हवं म्हणून मी साताऱ्याला जाईन. अक्काला ते फार हसू आलं. "माणसं दवाखान्यात आन पाव्हणा पाण्याची राखण करतोय."

"दुसरा कोण हाय?" दाजी म्हणाले. "पाण्याचा माणूस त्योच हाय आपल्यात."

हे वाक्य मला फार लागलं, चांगल्या अर्थानं. मला कुणी कशातला म्हणून मानत नाही.

दाजींनी टाकीवर कागद चिकटवून ठेवला होता, फौजी पद्धतीनं आकडे घालून. एक, रोज चिमूटभर खाद्य. दोन, फिल्टर बंद करायचा नाही. तीन, पाणी दुधाळ झालं तर घाबरायचं नाही, जिवाणू वाढताना होतं. चार, कशालाही हात लावायचा नाही.

मी कागद वाचला. वाचला नव्हता असं म्हणायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी ताकासारखं पांढरट झालं होतं. वास येत होता, जोराचा नाही, पण मला कळण्याइतका. फिल्टरचा स्पंज काढून बघितला तर त्यावर तपकिरी चिकट थर. बावीस वर्षांत असं पाणी मी लोकांना कधी दिलं नाही. डोळ्यांसमोर दाजी आले, मिरजेहून दमून आलेले, दार उघडून हे बघणारे. आणि दुसरंही आलं, ते जास्त खरं: त्यांनी दार उघडावं, पाणी आरशासारखं असावं, आणि म्हणावं, शेवटी पाण्याचा माणूस.

अक्काच्या गच्चीवरच्या टाकीत टाकायला म्हणून मी साताऱ्याला येताना दरवेळी पिशवीतून थोडं टीसीएल आणतो. ते होतंच. मी टाकीतलं सगळं पाणी नळीनं काढलं. खडी बादलीत घेऊन चोळून चोळून धुतली. स्पंज टीसीएलच्या पाण्यात अर्धा तास भिजत घातला आणि नळाखाली पिळला, थर जाऊन तो पुन्हा निळा होईपर्यंत. काच आतून पुसली. मग नळाचं पाणी थेट भरलं. दाजी नळाचं पाणी बादलीत काढून दिवसभर उन्हात ठेवायचे, क्लोरीन उडून जावं म्हणून. मी तेही केलं नाही. क्लोरीन उडवायचं, हे माझ्या हातांना कळतच नव्हतं. शेवटी टाकी फारच रिकामी दिसायला लागली, म्हणून दुप्पट खाद्य टाकलं.

पाणी इतकं स्वच्छ झालं की पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं. मी खुर्चीत बसून ते बघितलं आणि मला बरं वाटलं. हेही सांगायला हवं.

चौथ्या दिवशी दुपारी ते आले. चप्पल काढायच्या आधी दाजी टाकीपाशी गेले. "निवळलं व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "आपोआप."

हे पहिलं खोटं. त्याचं मला फार वाटत नाही. माणसं बोलतात असं.

चहा झाल्यावर त्यांनी पेटी काढली. एवढ्या दिवसांत हात बसला होता, पहिल्याच वेळी आठ थेंब पडले. पाच मिनिटं थांबले. नळी कार्डावर धरली. पुन्हा खिडकीपाशी नेली. ओतून दिली, धुतली, दुसऱ्यांदा केलं. मग नायट्राइटचं केलं. तेही दोनदा. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि वही काढली.

"ह्ये बघ रं," मला म्हणाले. "अमोनिया कसला दिसतोय?"

"हिरवा."

"नायट्राइट?"

"निळं. आभाळी."

"म्हंजी काय न्हाई त्यात." वहीचं मागचं पान त्यांनी बोटानं दाबून धरलं. "जायच्या आदल्या दिवशी मी लिवलंय, अमोनिया पिवळ्याकडं चाललाय, नायट्राइट गडद जांभळं. ह्ये तर पयल्या दिवसासारखं हाय. असं मागं फिरत न्हाई कवा. मग मी बघितलं ते काय?"

आत्ता सांगायचं, असं माझ्या मनात आलं होतं. तोंडही उघडलं होतं.

"मला जांभळंच दिसलं हुतं," दाजी म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, वहीकडे बघत होते. "का मला वाटलं नुसतं?"

आणि मी म्हणालो, "असंल, दाजी. दुखण्यात नजर चुकती कवा कवा."

हे ते वाक्य. टाकी धुतली ती अडाणीपणानं. हे अडाणीपणानं नव्हतं.

दाजींनी मान हलवली. रागावले नाहीत, वाद घातला नाही. पेन वहीत ठेवून वही मिटली. मग रंगांचं कार्ड अक्काच्या हातात दिलं. "हितनं फुडं तू बघत जा. मी थेंब टाकतो." अक्कानं माझ्याकडे बघितलं, मी पिशवी भरायला आत गेलो. जेवताना त्यांनी गोळ्यांची डबीही तिच्याकडे सरकवली. दवाखान्यातून आल्यापासून सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या ते स्वतः रंग बघून भरायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. "ह्येबी तूच भर. माझा भरवसा न्हाई."

सांगलीला परत आल्यावर मी पहिल्यांदा मन लावून वाचलं, ऐकलं, माणसांना विचारलं. तो तपकिरी चिकट थर म्हणजेच जिवाणूंची वस्ती होती, आणि ती मी मारली होती. सांगलीत माशांचं एक जुनं दुकान आहे, तिथल्या मालकांकडे गेलो आणि एका मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मित्र पाणी खात्यात हाय का?"

"का?"

"तीच माणसं एवढं स्वच्छ करतात."

मग त्यांनी दुकानातल्या सगळ्यात जुन्या टाकीत हात घातला आणि फिल्टरमधून एक स्पंज काढला. काळा, बुळबुळीत. रस्त्यावर पडलेला दिसला तर मी पायानं बाजूला केला असता. "आठ वर्सं जुना हाय," ते म्हणाले. "ह्यो न्या मित्राला. धुवायचा न्हाई, वाळू द्यायचा न्हाई, नळाच्या पाण्याला लावायचा न्हाई. फिल्टरात नुसता ठेवायचा." त्याच टाकीचं पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन त्यांनी त्यात स्पंज ठेवला, वर हवा भरून तोंड बांधलं.

ती पिशवी मांडीवर घेऊन मी सांगली-सातारा एसटीत बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मासा हाय व्हय?" मी नाही म्हणालो. "मग?" मी पिशवी जरा जवळ घेतली. उन्हाचा कवडसा पिशवीवर पडला की मी हातानं आडोसा करत होतो. त्या काळ्या तुकड्यात किती जीव असतील ते मला मोजता येत नाही. डोळे नाहीत, तोंड नाही, एकही कुणाला दिसलेला नाही, आणि आठ वर्षं एका दुकानातले सगळे मासे त्यांच्या जिवावर श्वास घेतायत. गावाला मी पाणी देतो ते क्लोरीन घालूनच द्यायला हवं, त्यात मला शंका नाही. लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण बावीस वर्षं ज्यांना मी नुसते जंतू म्हणत आलो, त्यांच्यातले काही पाणी राहण्यालायक करतात, हे मला पन्नाशीच्या जवळ येऊन, एसटीच्या सीटवर, पिशवी सांभाळताना कळलं. कराड गेलं तरी मी पाय हलवला नव्हता.

दाजींना म्हणालो, "सांगलीच्या दुकानदारानं दिलाय. ह्यानं लवकर पिकतं म्हणं."

त्यांनी पिशवी उजेडाला धरली. बराच वेळ बघितलं. "आठ वर्सं?" म्हणाले. "रिटायर बी न्हाई झालं." मग उजव्या हातानं, सावकाश, स्वतः तो फिल्टरमध्ये ठेवला.

मी त्या वेळी रजा टाकून आठवडाभर राहिलो. तिसऱ्या दिवशी नळीत जांभळं उमटलं. कार्ड अक्काच्या हातात होतं. ती म्हणाली, "जांभळं हाय की."

दाजी म्हणाले, "तू म्हणतीस तर असंल."

मला वाटलं, आता तरी म्हणतील की मागचंही खरंच होतं. मी तसं सुचवलंही. "म्हंजी दाजी, तवाबी आलं असंल असंच."

"न्हाई रं," ते म्हणाले. "खरं जांभळं आत्ता आलंय. तवाचा भास."

मी सांगलीला आल्यावर अक्का रोज फोनवर रंग सांगायची. जांभळं फिकं होत गेलं आणि एक दिवस तिनं सांगितलं, अमोनिया पिवळाधमक, नायट्राइट आभाळी, आणि तिसरी नळी, नायट्रेटची, नारिंगी. मी रविवारी गेलो. दाजींनी माझ्यासमोर टाकीत खाद्य टाकलं, दुसऱ्या दिवशी सकाळी तपासलं. विष नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा तपासलं. नाहीच. आम्ही तिघं त्या रिकाम्या पाण्यासमोर बसलो होतो. एरवी टोमणे मारणारी अक्काही पदर हनुवटीशी धरून बघत होती. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. टाकलेलं कुणी तरी खात होतं, त्याचं उरलेलं दुसरं कुणी तरी खात होतं, आणि पाणी जसंच्या तसं.

"ड्यूटी बघ कशी हाय," दाजी शेवटी म्हणाले. "हजेरी न्हाई, शिट्टी न्हाई. कुणी बघत न्हाई तरी चुकत न्हाईत."

मी मान खाली घातली.

त्यानंतर मासे आले, बारीक, शेपट्या रंगीत. आजही आहेत, त्यांना पिल्लंही झाली. शेजारचे लोक आता खरोखर मासे बघायला येतात. दाजींचा हात बराच सुधारला, शर्टाची बटणं स्वतः लावतात. पण कार्ड त्यांनी परत घेतलं नाही. गोळ्या अक्काच भरते. गेल्या वर्षापासून पेपरही तिच्याकडून वाचून घेतात. स्कूटरची चावी त्यांनी पुतण्याला देऊन टाकली. रस्त्यावर सिग्नल लाल का हिरवा हे विचारतात, आणि सांगितल्यावरच पाय टाकतात.

मागच्या महिन्यात मिरजेला आले होते, आमच्याकडेच उतरले. डॉक्टरांनी डोळे नीट तपासले, रंगांची पुस्तिका समोर धरून सगळं विचारलं. काही दोष नाही, म्हणाले. झटक्याचा नजरेवर काहीच परिणाम नव्हता, तेव्हाही नव्हता. रिक्षात मी दाजींना म्हणालो, "ऐकलं का, डोळं बरोबर हायत तुमचं."

ते बाहेर बघत म्हणाले, "डाक्टरचं पुस्तक येगळं. मी सवता अनुभव घेतलाय. तू हुतास की तिथं."

मी होतो तिथं. रिक्षा घरापाशी थांबली, मी त्यांना हात देऊन उतरवलं आणि तेव्हाही बोललो नाही. त्यांनी उंबरा कुठला, पायरी कुठली, ते मला विचारून पाऊल टाकलं.

म्हणून हे लिहिलं. लिहून काही भागत नाही, कारण दाजी हे वाचणार नाहीत, आणि अक्कानं वाचून दाखवावं असं हे नाही. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघून मला सांगायचं आहे की वहीत लिहिलेलं जांभळं खरं होतं, टाकी मी धुतली होती, आणि नजर चुकते हे मी माझी चूक झाकायला बोललो. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.